उरलेला अर्धा

चौतीस वर्षं मी डिचोलीत नोटरीच्या टेबलापाशी बसून
लोकांची मृत्युपत्रं लिहिली.
वाक्यं ठरलेली असायची : पूर्ण शुद्धीत असून,
कुणाच्या दडपणाखाली नसून.
माणसं मात्र ठरलेली नसायची.

आमच्या गोव्यात कायदा असा,
की असेल त्यातलं अर्धं मुलांचंच.
ती रुसोत, लिस्बनला जावोत, फोन न उचलोत,
त्या अर्ध्याला हात लावायचा नाही.
उरलेलं अर्धं तुमचं.
तुम्ही नाव सांगायचं, मी लिहायचं.

त्या उरलेल्या अर्ध्यात माणूस ओळखू येई.

साळची शेवंता माजीक
कानातली काढून टेबलावर ठेवत म्हणाली,
ही त्या नर्सला, जिनं माझ्या सासूला पुसताना
तोंड वाकडं केलं नाही.
नाव ठाऊक नव्हतं.
तीन दिवस इस्पितळात आम्ही नाव शोधत होतो.

कायतान मास्तरांनी व्हायोलिन दिलं
वर्गातल्या सगळ्यांत बेसूर पोराला,
कारण तो रोज यायचा.

आणि एक खाणवाला, तासभर बसला.
बुटांची लाल माती लादीवर सांडली,
नाव एकही आठवलं नाही.
शेवटी म्हणाला, घाला देवळाला.
देवळानं घंटा घेतली. जड आहे.
मुलांच्या हाताला पोचत नाही.

काल मी स्वतःसाठी कोरा कागद घेतला.

नार्व्याचं घर, एक्केचाळीस माडी,
पेन्शनचं पुस्तक,
आणि हिरव्या नाडीची फाईल :
मंगळवारी रात्री पाटाचं पाणी कुणाचं,
आमचं की चुलतभाऊ पुरसोचं.
पहिला अर्ज वडिलांचा.
पुढचे साठ माझे.
माझ्या आयुष्यातलं सगळ्यांत सुंदर अक्षर
त्या साठ अर्जांत आहे.

हिची वाटणी कुठल्याच कलमात नाही.
ही अर्धी होत नाही,
सबंध जाते.

गेल्या चवथीला माटोळी बांधताना
मिथिल पुरसोबद्दल काहीतरी बोलला.
शब्द माझा होता.
शब्दाआधीचा थांबासुद्धा माझा.
मी सुपाऱ्यांचा घोस धरून शिडीखाली उभा,
आणि कळलं, खरेदीखत झालंय कधीच,
शिक्क्याशिवाय.

जाळायला म्हणून फाईल कुळागरात नेली.
जाळवली नाही. कारकुनाचा हात.
मग बांधावर बसून गुडघ्यावर
बासष्टावा अर्ज लिहिला, चार ओळींचा,
खटला मागे घेत असल्याचा.
अक्षर वाईट आलं.

पुरसो बॅटरी घेऊन आला, पाण्यावर नजर ठेवायला,
दर मंगळवारी येतो तसा.
म्हटलं, आज तू घे.
त्यानं उजेड माझ्या तोंडावर धरला.
पुष्कळ वेळ धरला.
"ही आता कसली चाल?"
रास्त प्रश्न. त्याच्या जागी मीही
हेच विचारलं असतं, आणि लेखी.

तो गेला. पाणी त्यानं वळवलं नाही.
रात्रभर ते माझ्याच माडींच्या बुडात जिरत राहिलं,
आणि पहिल्यांदा मला
त्याचा आवाज ऐकायला वेळ होता.

पुढच्या मंगळवारी पुन्हा सांगेन.
त्याच्या पुढच्याही.
साठ अर्ज लिहायला छत्तीस वर्षं लागली,
ते पुसायला एक रात्र पुरावी
अशी अपेक्षा शुद्धीतला माणूस करत नाही.

कागदावर एवढंच झालंय आतापर्यंत :
घर कायद्याप्रमाणे.
माडी कायद्याप्रमाणे.
माझ्या खुल्या हिश्श्यातून, चिरंजीव मिथिल यास,
मंगळवारची रात्र,
झोपण्यासाठी.

साक्षीदार दोन लागतात.
एक शेजारचा पदेर, त्यानं हो म्हटलंय,
पहाटेची फेरी आटपून येईल.
दुसरा म्हणून पुरसोला विचारणार आहे.
येईलसं वाटत नाही.

त्याच्या सहीपुरती जागा
मी रुंद ठेवली आहे,
त्याचं अक्षर मोठं आहे, लहानपणापासून.