तेविसावी जोडी

दहावी ब च्या फळ्यावर
मी दोन वर्तुळं काढली. आई. बाप.
आईच्यात एक्स, एक्स.
बापाच्यात एक्स, वाय.
मागच्या बाकावर कुणीतरी खुदकन हसलं.
खिडकीबाहेर यंत्रमाग, खट्याक् खट्याक्.
अशोक चौकाच्या या अंगाला
सगळंच ओरडून शिकवावं लागतं,
हेसुद्धा.
"बावीस जोड्या दोघांच्या सारख्याच!
तेविसावीत आईकडे द्यायला एक्सच असतो.
दुसरं अक्षर बापाकडून!"
तीन मार्कांना येतं.
पोरांनी उतरवून घेतलं.

दुसऱ्या दिवशी शाळा सुटताना
साईनाथ बोद्दुलची आई दारात उभी.
कारखान्यात विड्या देऊन आलेली,
काखेत रिकामी टोपली, बोटांना तंबाखूचा वास.
मला वाटलं, तक्रार.
म्हणाली, "मॅडम, ते एक्स-वाय
मलाबी कागदावर काढून द्या की.
थोरल्या सासूला दाखवायचंय."

थोरली सासू, म्हणजे नरसव्वा.
ओळीनं चार पोरी.
चौथीच्या बारशाआधीच मालकानं धाकटी आणली.
धाकटीलाही आधी दोन पोरीच,
मग हिचा नवरा.
तेव्हापासून नरसव्वा कांड्या भरते,
आता धाकटीच्या पोराच्या मागासाठी,
आणि जेवायला सगळ्यांच्या मागून बसते.
तसं कुणी सांगत नाही आता तिला.
अंगवळणी पडलंय.

मी वहीचं मागचं पान फाडलं.
हिला अक्षरं येत नाहीत,
म्हणून एक्स सगळे लाल पेनानं,
वाय एकटा निळा.
तिनं कागद जवळ धरला, लांब धरला.
"म्हंजे बाईकडं लालच कांडी.
निळी असली तर ती गड्याच्या धोट्यात."
वर्गाला दोन तास लागले होते.

"हो. पण त्याच्याही हातात नसतं ते," मी म्हटलं,
"कोट्यवधी निघतात, पोचतो एखादाच,
कुठला, ते कुणी निवडत नाही.
आणि पहिले सहा आठवडे तर गर्भसुद्धा
दोन्हीकडच्या तयारीत असतो.
दोष कुणाचाच नाही."
विज्ञानाची बाई मी,
एवढं सांगणं भाग होतं.
तिनं मान हलवली,
कागदाच्या चार घड्या केल्या.

पुढं मंगळवार बाजारात भेटली,
कडक भाकरी बोटानं वाजवून घेत होती.
"दाखवला?"
"दाखवला. लई येळ बघत बसली, बोट फिरवत.
लाल, लाल, लाल.
तुमचं बी सांगितलं, दोष कुणाचाच नाय म्हणून."
"मग?"
"म्हणली, दोष नव्हता,
तर चाळीस वर्सं मी भरत काय होते?"

भाकरीवाली सुटे पैसे मागत होती.
मी उगाच पर्स चाचपली.
"कागद कुठाय आता?"
"मालकाच्या फोटोत.
हार काढला, काच सरकवली,
त्यांच्या छातीवर बसवला.
चित्र बाहेरच्या अंगाला हाय, मॅडम.
येणाऱ्या-जाणाऱ्याला दिसतंय."