हिरवं पाकीट

शिन्चूचा वारा या तळघरात येत नाही.
इथे फक्त पंख्यांची घरघर,
चोवीस कपाटं, निळे दिवे,
आणि प्रत्येक कपाटाच्या डोक्यावर
नारळाच्या चवीच्या कुरकुऱ्यांचं एक हिरवं पाकीट.

हिरवंच हवं. पिवळं ठेवलं तर यंत्र रुसतं,
लाल ठेवलं तर तापतं.
मुदत संपलेलं चालत नाही. फोडलेलं तर नाहीच नाही.
को आ-हाय यांनी मला पहिल्या दिवशी हे सांगितलं,
खिशात पेचकस, आवाजात तिळभर थट्टा नाही.

आमच्या इस्पितळाच्या लिफ्टमध्ये तीननंतर पाच येतो.
चार आणि मरण आमच्या बोलीत
इतके शेजारी राहतात
की चौथा मजला बांधला, पण त्याचं बारसं केलं नाही.
त्या बिननावाच्या मजल्यावर माझा धाकटा काका
अठ्ठावीस दिवस होता.
त्याआधी दोन वर्षं
मंतरलेल्या पिवळ्या कागदाची राख पाण्यातून पीत होता.
गाठ काहीच न पिता वाढत होती.

म्हणून माझा पाकिटांवर राग.
चिठ्ठ्या टाकून मी बारा कपाटांवरची काढली,
बारांवरची राहू दिली.
साहेब म्हणाले, विषाची परीक्षा कशाला?
म्हटलं, विष आहे का, तेच तर बघायचंय.

तिसऱ्या रात्री सात नंबर बंद पडलं. बिनपाकिटाचं.
सगळे माझ्याकडे बघायला लागले.
कावळा बसायला आणि फांदी मोडायला, मी म्हटलं,
आणि वहीत लिहिलं: सात, पहाटे दोन चाळीस.
मग अकरा. मग पुन्हा सात. मग दोन.
कावळे फारच बसायला लागले.

सहा महिन्यांची बेरीज:
पाकीट असलेली, तीन बिघाड.
नसलेली, अकरा.

बेरीज मी तीनदा केली.
खरं सांगते, त्या रात्री भीती वाटली.
यंत्रांची नाही. काकाची.
त्याच्या राखेला मी हसले होते, मोजलं कुठे होतं?

मग तो प्रश्न सुचला, जो आधीच सुचायला हवा होता:
पाकिटापाशी जातं कोण?

दोन आठवडे कोपऱ्यात खुर्ची टाकून बसले.
को आ-हाय दर सोमवारी येतात.
मुदत वाचायला चष्मा कपाळावर चढवतात,
पाकीट उचलतात, खालची धूळ बोटाने निपटतात,
आणि उगाच, सवयीने,
तळहात पत्र्यावर ठेवून उभे राहतात,
पोराचा ताप बघावा तसे.
पंखा कण्हत असला तर पेचकस बाहेर येतो.
जिथे पाकीट नाही
तिथे थांबायला त्यांना निमित्त नाही.

पुढचे सहा महिने त्यांना चोवीसही ठिकाणी थांबवलं.
पाकिटं बारांवरच.

राख देणारी बाई काकाचा हात धरून
अर्धा अर्धा तास बसायची, हे मला आता आठवतं.
डॉक्टरकडे नंबर लागेपर्यंत दुपार टळायची,
आत तीन मिनिटं, तीही पडद्याकडे बघत.
गाठीला त्या हाताचा उपयोग नव्हता.
काकाला होता.
हे दोन रकाने मी वेगळे ठेवते,
एकात दुसऱ्याची बेरीज मिसळू देत नाही.

निकाल फलकावर लावला:
पाकीट असलेली, ४. नसलेली, ४.
को आ-हाय यांनी नीट वाचलं, मान डोलावली,
म्हणाले, छान. मग उरलेल्या बारांवरही ठेवून टाकू.

सकाळी पाहिलं तर
कुणीतरी निळ्या पेनाने दोन्ही ४ खोडून
३ + १ लिहून गेलंय.
उत्तर चुकलेलं नाही.
मी तसंच राहू दिलं.