दुभाष्याचं मानधन

दोन दिवसांचे अडीच हजार, जेवण धरून.
काम एवढंच : चोडणची कोंकणी
पुण्याहून आलेल्या पाहुण्यांना मराठीत सांगायची.

पंचायतीच्या भिंतीवर त्यांनी
पिवळे, पोपटी, गुलाबी चौकोन डकवले.
दमट हवेत ते जेवणाआधीच गळू लागले,
मग बालवाडीतून खळ आणली.

पहिली पायरी : समोरच्याच्या जागी उभं राहणं.
पाहुणे खरंच उभे राहिले, पोटरीभर चिखलात,
बूट हातात धरून. पोरं चांगली होती.
फुटल्या बांधाशी त्यांनी पिएदादला विचारलं,
खारं पाणी शेतात शिरलं तेव्हा काय वाटलं?
ती माझ्याकडे बघत राहिली.
"सांग तांकां, कोरगुट कुसलो.
बियांक लेगीत उरलो ना."
मी सांगितलं, वाईट वाटलं.
चिठ्ठी लागली : दुःख.
बियाण्याचं राहून गेलं.

मानशीवरचा कुष्टा आलाच नाही.
कार्यशाळा अकराला, आणि अकरालाच भरती.
मी म्हटलं 'मानस', त्यांनी लिहिलं 'माणूस'.
मी सांगितलं, अहो, दार आहे ते, पाण्याचं,
भरतीला मिटतं, ओहोटीला उघडतं.
ते हसले, छान म्हणाले,
नकाशावर मात्र माणूसच राहिला,
वय पंचावन्न, हाती स्मार्टफोन.

मग दहा मिनिटांत शंभर कल्पना.
कुठलीच कल्पना वाईट नसते, हा नियम.
खारेपणा मोजणारं यंत्र. बांधावर सौरदिवे.
मोबाईलवर भरतीची घंटा
(इथल्या कुत्र्यांनाही भरती कळते).

जेवणात सुंगटांची करी होती, हातभर लांब सुंगटं.
ती कुणी पाठवली, सगळ्यांना माहीत होतं.
मानशीची पावणी घेतलेला तो
पहिल्या रांगेत बसला होता, पोपटी चिठ्ठी हातात धरून.

दुपारी मागच्या बाकावरून रुझार उठला.
"बांद फुटूंक ना," म्हणाला.
"फोडला. रातचो. सुंगटांखातीर."

पंखा फिरत होता.
पाहुण्यांची पेनं वर झाली, सगळे माझ्याकडे वळले.
माझ्या बहिणीची नोकरी
पहिल्या रांगेच्या मेहरबानीवर आहे.
मी म्हटलं, बांध फार जुना झालाय, म्हणतात.
चिठ्ठी लागली : देखभाल.
तिच्याभोवती लाल वर्तुळही आलं.

त्यांच्याकडे चूक नव्हती शोधायला जागा.
प्रश्न त्यांनी पाच वेळा विचारला, का, का, का,
पाचही वेळा उत्तर माझ्या तोंडातून गेलं.

संध्याकाळी आइस्क्रीमच्या काड्यांची मानस
मी कुष्टाला नेऊन दाखवली.
त्यानं नखानं दार वर केलं, खाली केलं,
पुन्हा वर केलं.
"हातूंत उदक खंय?"
मग ती नातवाला दिली
आणि ओहोटी लागली म्हणून तो उठला.

पाकिटावर हसरा चेहरा काढलेला आहे.
मी अजून ते फोडलेलं नाही.