दहा-अकरा

रविवार, सकाळचे साडेसात.
धानोरीतल्या आमच्या सोसायटीचं पार्किंग,
बी-विंगच्या जिन्याशेजारी माझी मारुती आठशे,
आणि चार मुलं, झोपेतून अर्धीच बाहेर आलेली.

मी जुनी चादर अंथरतो. तिच्यावर हत्यारं मांडतो,
जुन्या बाजारात बुधवारी बुधवारी जाऊन
एकेक घासाघीस करून जमवलेली:
पाने, रिंगपाने, पक्कड, पेचकस, चाकाचा पाना,
एक फीलर गेज, ज्याच्याबद्दल अजून कुणी विचारलेलं नाही.
एकतीस वर्षं आयटीआयच्या शॉपमध्ये शिकवलं.
निरोपाला शाल मिळाली, नारळ, भिंतीवरचं घड्याळ.
हत्यार कुणी दिलं नाही.

पहिला धडा: नाव घेऊन मागा.
"ते हे द्या ना" चालणार नाही.
देवश्री म्हणते, स्पॅनर.
म्हण बाई. मी पाना म्हणणार.
मुबीना वहीत नटाची सहा अंगं काढते, पुन्हा मोजते.
ओजस मोबाईलवरून मान न उचलता सांगतो
की हल्लीच्या गाड्यांत आपल्याला काही उघडावंच लागत नाही, सर.
खरं आहे त्याचं.
मी त्याच्या हातात जॅक देतो.

थांब. आधी नट सैल. चाक जमिनीला टेकलेलं असतानाच.
मग गाडी उचलायची.
नाहीतर चाक तुझ्याबरोबर गरगर फिरेल
आणि गाडी जॅकवरून उतरेल, न विचारता.

तीन नट सुटतात. चौथा हलत नाही.
ओजस पान्यावर उभा राहतो, एकदा उडी मारतो.
नट तसाच.
चाळीस किलोची देवश्री जिन्याखालून
नळाचा गंजका तुकडा आणते,
पान्याच्या दांड्यावर चढवते, अंग टाकते.
कर्र.
तिच्या तोंडून एक शब्द जातो
जो मी ऐकलेला नाही.

आवळताना मात्र लोहगावहून विमान उठलं.
शिकवणी बंद. त्या गडगडाटाखाली
मी नुसतं मनगट दाखवलं: एवढं.
इथवर. याच्यापुढे आटे जातात.
ही जागा मला बोलून कधी सांगता आली नाही,
शॉपमध्ये नाही, घरी तर नाहीच.

आणि अविराज.
तो विचारत नाही काही. शेवटी थांबतो,
रॉकेलच्या बोळ्यानं सगळी हत्यारं पुसतो,
लहान-मोठी लावून ठेवतो.

त्या रविवारी मी मोजली, एकवीस.
पुन्हा मोजली.
चादरीवर तेलाची एक लांबट खूण होती,
तिच्यावर दहा-अकरा नव्हता.
मुलं एकमेकांकडे बघायला लागली.
मी म्हटलं, गाडीखाली गेला असेल. सापडेल.
कुणी वाकून बघितलं नाही. मीही नाही.

गुरुवारी संध्याकाळी पाय मोकळे करायला निघालो
आणि मुंजाबा वस्तीकडे वळलो, का ते ठाऊक नाही.
बोळाच्या टोकाला निळ्या ताडपत्रीखाली पिवळी व्हॅन,
तीन टायर बसलेले,
काचेवर शाळेचं नाव अर्धं खरवडलेलं.
पायरीवर डोळ्याला हिरवी पट्टी लावलेला माणूस
बॅटरी धरून बसला होता,
उजेड भलतीकडेच पडत होता,
आणि बॉनेटच्या आतून आवाज आला,
"बाबा, जरा डावीकडे."
मी आल्या पावली परतलो.
येताना दूध आणायचं विसरलो, त्यावरून घरी ऐकलं.

पुढचा रविवार. पंक्चर, हवेचा दाब, स्टेपनी.
ओजसनं स्वतःहून विचारलं की हे फीलर गेज कशाला असतं.
विचारलं एकदाचं.
मुलं गेली. अविराज बोळा घेऊन बसला.
मग खिशातून वर्तमानपत्राची गुंडाळी काढली,
उलगडली, चादरीवर त्या खुणेशी नीट ठेवली.
माझ्या पान्यापेक्षा स्वच्छ होता तो, माझाच पाना.

मी चष्मा पुसत राहिलो. 
तो बराच वेळ गप्प. मग, बोळ्याकडे बघत:

"बॅटरी निघाली, सर.
आता बारा-तेरा लागतोय."