तीन वाजताची पाटी

गंगाखेडच्या पाटबंधारे उपविभागात
पंखा एकाच वेगानं फिरतो,
रेग्युलेटरवरचे आकडे कधीचेच झिजलेत.
त्याच्याखाली बसून मी मागच्या सालचा पूर चालवते:
बहात्तर तासांची एक निळी रेघ
डावीकडून निघते, चढत जाते,
आणि वर कोपऱ्यात लिहिलेलं असतं
वार, वेळ, पातळी.

लिहिलेलं असतं म्हणजे, असायला हवं होतं.
पहिल्या फेरीला ठीक. सोमवार, संध्याकाळचे सहा.
दुसऱ्या फेरीत सहाच्या अंगावर सात बसले,
सातवर आठ,
रात्र होईस्तोवर वेळेचा नुसता डांबरी गोळा,
जसे एकाच खुर्चीत
बदली होऊन गेलेले सगळे साहेब
अजून बसूनच आहेत.

रेघ शहाणी, ती तिची पुढं जात होती.
चूक अक्षरांची, म्हणजे माझी.
दर फेरीला मी नवी अक्षरं आणून ठेवायची
आणि जुन्यांना ऊठ म्हणणारं कुणी नव्हतं.
सगळाच पडदा पुसून पाहिला,
तर रेघही गेली, अक्षही गेले,
उरलं पांढरं लुकलुकणं.
चहा गार झाला. दोन दिवस झाले.

मग घाटावरच्या खोलीतली
मुंजाजी शेळक्यांची पाटी आठवली,
खिळ्याला टांगलेली, टवका उडालेली.
ते दर तासाला पाटी बदलत नाहीत.
'पातळी' आणि 'मीटर' या दोन शब्दांना धक्का न लावता
ओल्या फडक्यानं मधला आकडा तेवढा पुसतात,
नवा लिहितात,
आणि ऑफिसला फोन लावतात.

तसंच केलं.
अक्षरांना फेरीच्या आधीच, बाहेर, एकदाच जागा दिली,
नाव ठेवलं पाटी.
आत फक्त एवढंच सांगितलं:
पाटी तीच, मजकूर बदल.
आणि तास सुटे झाले,
एकामागे एक, रांगेत, न ढकलता.

महिन्याची वही द्यायला मुंजाजी आले.
खुर्ची नको म्हणाले, उभ्यानंच बघत होते.
रेघेकडे नाही, कोपऱ्यातल्या आकड्यांकडे.
बुधवार, पहाटेचे तीन. "थांबिव," म्हणाले.
"ह्यो आकडा पट्टीवरचा न्हाई, बाई.
टॉर्च इझली व्हती. पट्टी दिसंना.
म्या वरून पायऱ्या मोजीत उतरलो अंधारात,
अकराव्या पायरीला पाणी लागलं
मपल्या पायाला.
तितंच थांबलो, आन् हिशेब केला."
मग जरा वेळानं,
"खोटा न्हाई तो. पर पट्टीवरचा न्हाई."

वहीत तसं कुठं नव्हतं.
वहीत फक्त आकडा होता, दोन दशांशांपर्यंत,
बाकीच्या एकाहत्तरांसारखाच निळ्या शाईत.

ते गेल्यावर एक अट घातली मी फेरीत:
तेहेतिसावा तास आला
की आकड्यापुढं दोन शब्द लिही,
पायानं मोजलेली.
चौतिसाव्याला ते आपोआप जातात,
पाटी एकच आहे ना.

आता आढावा बैठकीत पूर चालतो.
साहेब चष्मा वर करून विचारतात,
मध्येच तिथं काहीतरी चमकून गेलं, काय आहे ते?
मी म्हणते, पायरी आहे, सर.
अकरावी.