पाझर

दगडाला पाझर फुटावा म्हणून
लोक कुठं कुठं डोकं टेकतात.
राइली कोर्तेस्निएमी पगार घेते
तो फुटू नये म्हणून.

फिनलंडच्या पश्चिम कडेला
समुद्रात पाय सोडून बसलेलं बेट,
त्याच्या पोटात सव्वाचारशे मीटर खाली
आज तिच्यापुढं भोक क्रमांक एकोणीस.
उभं. गोल. आठ मीटर खोल.
यात तांब्याचं नळकांडं उतरायचं आहे,
भोवती पाणी पिऊन फुगणारी माती,
आणि आत, बिडाच्या कप्प्यांत, त्या कांड्या
ज्यांनी चार हिवाळे
शाळांच्या खिडक्या दुपारी तीनला उजळल्या,
कुणाकुणाचं सूप गरम केलं.
आता त्या कुणाच्या कामाच्या नाहीत
आणि विझायलाही तयार नाहीत,
चाळीस वर्षं पाण्यात बुडवून ठेवल्या तरी.

झाकली मूठ सव्वा लाखाची, म्हणतो आपण.
इथं हिशेब वर्षांचा आहे.

राइली पाळण्यातून खाली उतरते,
हातमोजा काढते,
पालथा हात भिंतीला लावते,
ताप बघतात तसा.
दगड थंड आहे, एकशेनव्वद कोटी वर्षांचा,
आणि अजून वर येतो आहे, वर्षाला सहा मिलिमीटर:
बर्फ उतरून गेला दहा हजार वर्षांपूर्वी,
पाठीवरचं ते ओझं
याच्या अंगातून अजून गेलेलं नाही.

गुडघ्याच्या उंचीवर एक ओल.
हातरुमालाएवढी. तेवढीही नाही.

"किती?" वरून ताउनो विचारतो.
तीन दिवस खपलाय तो या भोकावर.
"मिनिटाला थेंब."
"थेंबच ना! माती पिऊन टाकेल."

नियमात बसत नाही, पण ती
बोट ओलीवर टेकवते
आणि जिभेला लावते.

खारट असता, तर म्हणाली असती:
म्हातारं पाणी आहे, बसलंय जागच्या जागी
माणसं यायच्या आधीपासून.
पण हे गोडं.
म्हणजे वरून आलेलं. म्हणजे वाट आहे.
आणि वाट काय, दोन्हीकडून चालते.

इथं कुठंतरी पाणी मुरतंय,
असं मी म्हटलं असतं, भुवई उडवून.
तिच्याकडे भुवई नाही, म्हण नाही,
नुसतं पाणी आहे
आणि लाल खडू.

नको, असं ती लिहिते.

गुरुवार. म्हणजे वाटाण्याचं सूप.
ताउनो लांबच्या टेबलावर बसतो,
पाठ करून, पावाचे तुकडे करत.
तीन दिवस. शिवाय खोदायचा खर्च,
शिवाय आता विसाव्याला उशीर.
राइली स्वतःची बाजू मांडत नाही.
ओल मोजायची असते, पटवायची नसते.
मग बऱ्याच वेळानं तो उठतो,
मोहरीची बाटली तिच्यापुढं ठेवतो,
जातो. बोलत नाही.

एकोणिसावं भोक मातीनं बुजवतील,
आत काही न ठेवता.
आणि कधी, आपली एकही लिपी उरली नसताना,
कुणी खणत खणत आलंच,
तर इतक्या भरलेल्या भोकांत
हे एक रिकामं लागेल त्यांना.
बुचकळ्यात पडतील.
चोरी झाली म्हणतील, किंवा पूजा.

कुणीतरी इथवर उतरलं होतं,
बोट चाखलं होतं,
आणि परत वर गेलं होतं जेवायला,
हे कुठल्या दगडावर लिहिणार?