प्रश्न चौदावा

गंगापूर रोडवरच्या हॉलमध्ये, रविवारी सकाळी,
आम्ही बत्तीस जण. बहुतेकांचे चष्मे गळ्यात,
बहुतेकांच्या हाताखाली दोन-चार तरुण थेरपिस्ट.
दाराशी सही, जेवणानंतर पुन्हा सही:
नीतिमत्तेच्या वर्गातूनही कुणीकुणी मधल्या सुट्टीत पळतं म्हणे.
सहा तास बसलं की सहा गुण,
आणि नोंदणी पुढे सरकते.

शिकवायला आलेले सानप सर माझ्याहून तेरा वर्षांनी लहान.
फळ्यावर त्यांनी तीन खुर्च्या काढल्या:
क्लायंट, थेरपिस्ट,
आणि मागे, जरा उंचावर, आपली.
"या तिसऱ्या खुर्चीला क्लायंटचा चेहरा दिसत नाही," ते म्हणाले.
"दिसतो तो सांगणाऱ्याचा.
तो तरी बघता ना?"
मी वहीत उतरवून घेतलं.
अक्षर माझं अजून चांगलं आहे.

प्रश्न चौदावा: क्लायंटने भेटवस्तू आणली तर?
अ, ब, क, ड.

आणली होती.
एका माणसाने, रेवतीकडे, अकराव्या भेटीला,
स्वतः ठोकून घडवलेला तांब्या,
वर्तमानपत्रात गुंडाळून.

(तांब्या नव्हता तो. माणूसही तांबट नव्हता.
एवढं बदलून सांगावं लागतं, नियमच आहे.
हातोडा मात्र खरा.
आणि त्याचं ते बोलणंही:
ताई, दिवसभर ठोकून ठोकून कान बधिर झालेत,
तुमच्या या खोलीत तेवढा
माझा मला आवाज येतो.)

रेवतीचा फोन आला तेव्हा मी द्वारका चौकात,
लाल सिग्नलला.
"परत कर," म्हटलं. "गोड बोलून. सीमा सांभाळायला शिक."
"हो मॅडम, पण त्यांनी ते..."
सिग्नल सुटला.

त्याने तांब्या निमूट पिशवीत ठेवला,
कागद उरला होता, त्याची घडी घातली
आणि तीही खिशात ठेवली.
पुढच्या गुरुवारी आला नाही.
त्याच्या पुढच्याही नाही.
रेवतीने फाइलवर लिहिलं: क्लायंटने उपचार थांबवले.
खाली माझी सही,
आणि शेजारच्या रकान्यात, त्याच चांगल्या अक्षरात,
पर्यवेक्षण: अर्धा तास.

चार मिनिटं होती ती.
फार तर.

जेवणात अळूचं फदफदं होतं. मी दोनदा घेतलं.

"क"वर खूण केली.
भेटीचा अर्थ आधी क्लायंटसोबत समजून घ्यावा,
मग ती घ्यायची की नाही ते ठरवावं.
बरोबर. वीसपैकी वीस.
शेजारच्या धात्रक बाई माझ्या पेपरात डोकावून म्हणाल्या,
"तुम्हाला काय हो, तुम्ही तर हेच शिकवता."

प्रमाणपत्राला सोनेरी कड. नावात एकही चूक नाही.
ते मागच्या सीटवर उताणं टाकलं,
आणि वाटेत दोनदा आरशात बघितलं,
तिथेच आहे का म्हणून.

द्वारकेच्या अलीकडे, टायरच्या दुकानापाशी,
गाडी बाजूला घेतली. इंजिन बंद केलं.
काय बोलायचं ते वर्गात कुणी सांगितलं नव्हतं,
किंवा सांगितलं असेल, अळूच्या वेळी.

"रेवती, मंगळवारी ये. पूर्ण तास काढ.
त्या गुरुवारबद्दल बोलायचंय.
माझ्या बाजूने."

पलीकडे काहीच नाही.
दुकानातला पोरगा ट्रकच्या चाकात हवा भरत होता,
मध्येच थांबून कान लावून ऐकत होता,
पुन्हा भरत होता.

मग तिचा आवाज, लहान झालेला,
मी पाच वर्षं खपून घडवलेला:

"मॅडम, माझं काही चुकलं का?"